कॉन्ट्रा

साडेआठची फेरी धोपाव्याहून सुटते.
दोन ट्रक, एक जीप, अकरा दुचाक्या, मी.
दाभोळच्या धक्क्यावर उतरलं की डाव्या हाताला बर्फाचा कारखाना,
लोखंडी जिना, जिन्यावर अमोनियाचा वास,
आणि वरच्या खोलीत कॉम्प्युटर.
आदल्या कारकुनानं दसऱ्याला लावलेलं कुंकू
त्याच्या कपाळावर अजून आहे. मी पुसलेलं नाही.

चिपळूणच्या क्लासात पेठे सर सांगायचे,
एफ फोर म्हणजे कॉन्ट्रा.
या खिशातून त्या खिशात.
जमा नाही, खर्च नाही,
पैशानं फक्त कूस बदलली.
कूस म्हणताना सर स्वतःच लाजले होते.

सात वर्षं मी ते बटण दाबत आले.
बर्फाच्या खात्यातून बोटीच्या खात्यात:
डिझेल, जाळी, तांडेलाची उचल.
कोळंबीचे पैसे आले की उलट,
बोटीकडून बर्फाकडे, कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीला.
लहू जांभारकर, अंकुश जांभारकर.
गावात कुणी एकाचं नाव एकटं घेत नसे.
लहूअंकुशाकडे जाऊन ये, असंच म्हणत,
चार पायांचा एकच माणूस असल्यासारखं.
एका वर्षी एकतीस मार्चला इकडून निघालेले सत्तर हजार
तिकडे दोन एप्रिलला पोचले.
मधल्या दोन रात्री कुठे होते, मी विचारलं.
अंकुशशेठ म्हणाले, खाडीत.
भरतीची वाट बघत.

आषाढात बोटी शाकारलेल्या असताना वाटणी झाली.
भांडण कुणी ऐकलं नाही.
कारखाना लहूला, बोट अंकुशला.
बोटीचं नाव भागीरथी प्रसाद,
म्हणजे आईसुद्धा अंकुशला.
सीएनी माझ्याच मशीनवर दुसरी कंपनी उघडून दिली,
जाताना बजावलं,
आता हे एकमेकांना परके. लक्षात ठेवा.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी
लहूशेठ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे.
ऐंशी हजार टाकलेत बोटीच्या खात्यावर. नेहमीसारखं लिही.
मी म्हटलं, शेठ, नेहमीसारखं आता लिहिता येत नाही.
उसने म्हणून दाखवावे लागतील.
अंकुश जांभारकर, येणे.
खाली लादी फोडत होते. दोन लाद्या फुटेपर्यंत ते गप्प.
मग म्हणाले, त्याला कुठं देतोय मी?
भागीरथीला देतोय.

कीबोर्डवर एफ फोर आणि एफ फाइव्हच्या मध्ये
एक फट असते.
रोज ओलांडते मी ती,
विजेचं बिल, हमाली, चहावाला गुरव.
त्या दिवशी बोट अलीकडच्या काठालाच लागून राहिलं.

मग दाबलं. नोकरी आहे.
तपशिलाच्या चौकटीत उसने लिहिलं नाही,
डिझेलसाठी, एवढंच लिहिलं.
दुसरी कंपनी उघडली, तोच आकडा उलट्या बाजूला:
लहू जांभारकर, देणे.
दोन्हीकडे जुळलं.
आकडे जुळतात, म्हणून त्यांना कुणी जुळे म्हणत नाही.

दिवाळीच्या तोंडावर अंकुशशेठ आले,
प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर नोटा,
एका नोटेला बांगड्याचा खवला चिकटलेला.
मोज म्हणाले.
मी मोजले. ऐंशी. उसन्यात वळते करू?
बर्फाचे म्हणून लिही.
बर्फाचं बिल तर चुकतं झालंय, शेठ.
मग लिही काहीतरी, म्हणाले, आणि जिना उतरले,
खालच्या दारात भाऊ उभा होता त्याच्या शेजारून,
अंग चोरून, पण चपलेला चपल लागलीच.

ते ऐंशी हजार मी सस्पेन्समध्ये ठेवलेत.
सीए दर तिमाहीला फोन करतात,
हे कसले, कुणाचे, कधी काढणार.
मी सांगते, खाडीत आहेत, साहेब.
ते म्हणतात, काय?
रेंज जाते इथे, मी म्हणते,
आणि सहाची फेरी चुकायला नको म्हणून
मशीन बंद करते.