रकाना तिसरा

रकाना तिसरा : जनावरांची संख्या.
तो कोरा आहे, मॅडम,
आणि विसरलो म्हणून कोरा नाही.

गेल्या वर्षी विचारलं होतं मी.
दारातच, पायात बूट, पेनाचं टोपण दातात :
"इस्साथ, रेनडियर किती तुमचे?"
म्हातारा हसला. माझ्या कपात
काठोकाठ कॉफी ओतली. म्हणाला,
"आहेत. झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत."
मी आकड्याची वाट बघत बसलो.
परतताना बिरेत, आपली दुभाषी,
गाडीची काच खाली करून बाहेर बघत म्हणाली,
"परक्याच्या घरात शिरून
कणगीत कोपरापर्यंत हात घातलास तू."

नंतर तळघरात जुनी रजिस्टरं चाळली.
माझ्या वडिलांनी मोजले होते.
याच गणवेशात, याच पठारावर.
आकड्यांपुढे त्यांच्या तिरप्या अक्षरात
दोनच शब्द : कमी करावेत.
इस्साथ ते अक्षर ओळखत होता.
मी ओळखत नव्हतो.

आता परवाची रात्र.
रात्र म्हणायचं एवढंच, सूर्य टेकडीवर अडकलेला.
कुंपणात एक पाडस, त्याच्या डाव्या कानावर
दोन घराण्यांच्या खुणा, एकीवर एक कापलेल्या.
इस्साथ म्हणतो माझं, नीलास म्हणतो माझं,
दोघांचे पुतणे, भाचे बाह्या सरसावून,
आणि प्रत्येकाच्या कमरेला सुरी,
कारण हा सुरीचाच दिवस.
फोनवर तुमचा हुकूम : पाडस जप्त करा, पुरावा आहे.
मॅडम, आईविना ते तारखेपर्यंत जगलं नसतं.
पुराव्याचं कातडं उरलं असतं फक्त.

मी विचारलं, "तुमच्यात हे कसं ठरतं?"
विचारलं पुरुषांना.
उत्तर आलं मागून, नीलासच्या आईकडून,
एल्ले हातातला दोर गुंडाळतच होती :
"सोडा त्याला. आणि गप्प बसा.
पोलीस, तूही. आणि ते पिवळं काढ,
माद्या बुजतात."

म्हणून चमकतं जॅकेट कुंपणावर टाकलं.
पाडसाच्या गळ्यात लाकडी पाटी, क्रमांक सात.
आम्ही सगळे गवतात पालथे,
भांडणारे भांडणाऱ्यांच्या शेजारी,
जागाच तेवढी होती कोरडी.
डासांना कोण कुठल्या घराण्याचं, पर्वा नव्हती.
एक तास. दोन. कुणीतरी घोरलं.
मग कळपातून ते खरखरीत ओरडणं,
एका शिंगाची मादी, आणि सात नंबर
धडपडत तिच्या पोटाखाली.

तिच्या कानाकडे मी पाहिलं नाही.
त्या दोघांनी पाहिलं.
बराच वेळ कुणी बोललं नाही,
मग नीलासने कोरडीच सुरी
पँटला पुसली, म्यान केली,
आणि इस्साथच्या पुतण्याला तंबाखूची डबी दिली.

तक्रार मागे घेतली आहे. सही जोडली आहे.
पण दुसरी खूण का कापली गेली,
चुकून की जाणून, हे मला माहीत नाही,
आणि माहीत नाही असं लिहिलं आहे, रकाना अकरा.
ते झाकलं तर वडिलांच्या
तिरप्या अक्षराहून माझं सरळ कसं?

निघताना म्हाताऱ्याने अडवलं.
"बँकेत किती आहेत रे तुझ्या?"
माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.
म्हटलं, "झाडाच्या दोन्ही बाजूंना."
तो हसला. गेल्या वर्षीचं हसू नव्हतं ते.

आता हा संगणक अडून बसला आहे.
रिकामा रकाना लाल होतो, पुढे जाऊ देत नाही.
तंत्रज्ञ म्हणतो, शून्य टाका आणि सुटा.
शून्यही आकडाच आहे, मॅडम, आणि खोटा.

जॅकेट तिथेच राहिलं, कुंपणावर.
उद्या आणायला जाईन.
बूट दाराबाहेर काढीन.