दात

बाप जळगावला सराफ बाजारात पॉलिशला बसायचा.
नखांत सोनं घेऊन घरी यायचा,
आई परातीत त्याचे हात धुवायची
आणि ते पाणी सांडू द्यायची नाही.

मीही सोनंच घेतो आता.
शंभर नगांच्या पिशवीत, प्लास्टिकच्या टोपणात,
आठ पितळी दातांवर चढवलेलं,
श्वासाइतकं पातळ.
त्यातही दोन जाती. एक पन्नासाचं,
एक नुसतं पिवळं.
दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच हसतात.

वैशाखात पिवळं घेतलं.
नगामागे तीन रुपये सुटले.

सावद्याला केळी पिकवायच्या खोल्या.
बाहेर पंचेचाळीस, आत ओला गारवा
आणि भिंतीवर एक डबी,
जी खोलीचा ताप मालकाच्या फोनला कळवते.
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पुढचे चार पाठच होते.
पक्कड दाबली. कट्ट. दिवा लागला.
कट्ट झालं की काम झालं,
असं वाटायचं वय.

अकराव्या रात्री फोन:
चार नंबरची खोली बोलत नाही.
वायर हलवली की बोलते,
सोडली की मुकी.

झिपरू आप्पा अमळनेरहून मोटारसायकलवर आले.
टोक कापलं, तळहातावर घेतलं, भिंग लावलं.
सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचा जबडा उघडतात
तसं बघत राहिले.
तार एकसंध तांब्याची
आणि दात बारीक धाग्यांच्या तारेसाठी घडवलेले.
तांब्याच्या कडेला नुसते टेकलेले.
पिवळ्याखाली हिरवा ठिपका.

"तीन रुप्या वाचाडात तू," आप्पा म्हणाले,
"नि मन्ही झोप गमाडी."

अठ्ठेचाळीस टोकं नवी केली.
तीन नखांचे दात, तारेला दोन्हीकडून धरणारे.
प्रत्येक टोक आप्पांनी ओढून बघितलं,
पोर बघतं ना पतंगाचा मांजा, तसं.
खोलीत केळीच्या पिकण्याचा वास
आणि आमच्या तोंडातून वाफ.
मालकाला शेवटपर्यंत सांगितलं नाही
चूक कुणाची होती.

घरी दोन्ही नग बापापुढे ठेवले.
त्याला आता एका डोळ्यानंच दिसतं.
बोटानं चाचपलं, दगडावर घासायला उचललं,
मग तसंच ठेवलं.
"एवढ्याची रेघ उठत नाही रे," म्हणाला,
आणि दोन्ही माझ्या हातात दिले,
कुठला कुठला न सांगता.