ताशी वीसच्या आत

हेरंबनं वहीचं पान उभं दुमडलंय.
डावीकडे निळी, उजवीकडे पांढरी.
निळी एका चार्जमध्ये दोनशे दहा जाते,
पांढरी एकशे साठ,
"आणि तेही कागदावर," तो म्हणतो,
"चांदणी चौकाचा चढ कागदावर नसतो."
खाली कोपऱ्यात एकच शब्द, प्रश्नचिन्हासकट:
गुरुवार?
(गुरुवारी आमच्याकडे वीज जाते, दुरुस्तीसाठी,
कधी पाचला येते, कधी सातला.)

माझं पान वेगळं.
कर्वेनगर ते सहकारनगर, आठ.
तिथून बिबवेवाडीतले गुडघे, चार.
गुडघ्यांवरून कोंढव्याच्या खांद्याकडे, पाच.
परत घरी, चौदा;
गंगाधाम चौकात अडकले तरी चौदाच,
फक्त पाऊण तास जास्तीचा.
माझ्या आख्ख्या दिवसाची लांबी एकतीस किलोमीटर.
दोन्ही गाड्या मला पुरून उरतात
हे मी त्याला सांगत नाही.
त्याला बेरजा आवडतात,
आणि त्या निमित्तानं तो शेजारी बसतो.

सोसायटीचे फडतरे म्हणाले, मीटर स्वतंत्र घ्या,
वायर पाइपातून न्या,
आणि बेसमेंटला पाणी शिरलं तर आमच्याकडे बघू नका.
निळीच्या डिकीत वॉकर बसत नाही.
पांढरीत बसतो, पण मग मागची सीट पाडायची,
म्हणजे व्यायामाचा तो मोठा चेंडू
माझ्या शेजारी, पट्टा लावून.

शोरूममधला प्रज्योत खुशीत होता.
"मॅडम, आवाजच नाही! हीच तर गंमत."
आणि मला केंजळे आठवले.

माझी जुनी गाडी चौदा वर्षांची,
सायलेन्सरला वेल्डिंगचे दोन टाके.
ती कोपऱ्यावर खोकली की
केंजळे उठायला लागतात, असं मंदाकिनीबाई सांगतात.
उजवी बाजू गेलेली, तरी
मी दोन जिने चढेपर्यंत
पलंगाच्या काठाशी आलेले असतात.
दिवसातला सगळ्यात अवघड व्यायाम,
आणि तो मी त्यांना शिकवलेलाच नाही.

"अजिबातच नाही आवाज?"
"ताशी वीसच्या आत थोडी गुणगुणते,
रस्त्यावरच्यांना कळावं म्हणून."

निळी गुणगुणते रात्रीच्या फ्रिजसारखी.
पांढरी, तोंड मिटून
कुणी सूर शोधत असावं, तशी.

मग गुरुवारच निवडला.
वीज नाही, पंखे बंद,
गल्ली ऐकू येण्याजोगी.
खाली प्रज्योत निळीत, हेरंब पांढरीत,
वर मी केंजळ्यांचं मनगट फिरवत बसलेली,
काहीच ठरवून न आल्यासारखी.

निळी गेली.
ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, बघतच राहिले.

पांढरी आली.
डाव्या हातानं चादर धरली.
पाय चपला शोधायला लागले.
"अगं," ते आत बघून म्हणाले, नेहमीच्या अर्ध्या तोंडानं,
"त्या आल्या बघ."
मी समोरच होते. मनगट माझ्याच हातात होतं.

मंदाकिनीबाई हसल्या, मग नाही हसल्या.

खाली हेरंब म्हणतो, त्याच वेळी
मागून एक फाटकी स्कूटर वळली होती,
तुझा प्रयोग बाद.
असेलही.
मी पांढरीच्या बोनेटवर हात ठेवला,
उन्हानं तापलेलं होतं, एवढंच.

"पन्नास किलोमीटर कमी," तो म्हणाला,
आणि वहीत पांढरीखाली रेघ मारली,
जरा जोरात, पेन पलीकडच्या पानावर उमटेल इतकी.

जुनी रविवारी कुणीतरी चाकणहून येऊन नेणार आहे.
सायलेन्सर बदलेन म्हणाला.
मी काही बोलले नाही.

बाकी कुठेही कशीही चालवेन,
सिंहगड रस्त्यावर रिक्षांना मागे टाकेन,
पण त्या गल्लीत एकोणीसच्या वर जाणार नाही.