शितावरून

केमचीच्या कारखान्यात, चिलोए बेटाच्या पूर्व अंगाला,
शिणाणे वाफेच्या बोगद्यातून तोंड उघडून बाहेर येतात
आणि पट्ट्यालगत उभ्या बायका त्यांच्या पोटातला
दोरा, खेकड्याचं पिल्लू, कवचाची कपची
बोटांनी वेचून काढतात.

मी मोजायला आले होते.
तापमान नव्हे, ते यंत्र मोजतं.
मला मोजायची होती सवय,
कुणी बघत नसताना हात काय करतात ते.
कागदावर याला संस्कृती म्हणतात.
एवढा मोठा शब्द, आणि चौकट बोटाच्या पेराएवढी.

व्यवस्थापक एलादिओ ओयार्सून यांनी कॉफी दिली, फाइल दिली.
चौसष्ट प्रश्नावल्या. चौसष्टांत पाचपैकी पाच.
चूक सांगायची भीती वाटते का?
कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही,
एकाच निळ्या शाईत, एकाच कलत्या अक्षरात,
लग्नाच्या पत्रिकांवर एकट्या मामाने पत्ते घालावेत तसं.
पाहुणा येणार म्हणून झाडलेलं घर मला ओळखू येतं,
दारामागे केरसुणी अजून ओली असते.

एका प्रश्नावलीच्या पाठीवर मात्र पेन्सिलीने, पुसट:
रात्री तीनला या.

गेले.
धक्क्यावर बोटी नुसत्या डुलत होत्या.
पांढरे बूट चढवले, केस जाळीत कोंबले,
हात धुवायच्या खोलीत खांबासारखी उभी राहिले.
नऊ जण आले. सहा जणांनी नीट धुतले.
दोघांनी हातांना पाणी नुसतं दाखवलं.
एकाने मला पाहिलं आणि मग धुतले;
तो मी हिशेबात धरला नाही.

मग पट्ट्याच्या टोकाला धातुशोधक वाजला.
चौथ्या जागेवरच्या उबेर्लिंदा मिल्यालोंकोने
लाल दोरी ओढली.
पट्टा थांबला. वाफ थांबली नाही.
सगळ्या माना वळल्या,
पिशवीकडे नाही, यंत्राकडे नाही,
पाळीप्रमुख नोल्बेर्तोच्या चेहऱ्याकडे.

दोन बस आणि एक फेरीबोट करून
मी त्या तीन सेकंदांसाठी आले होते.

त्याने आधी घड्याळ पाहिलं.
मग तिला पाहिलं. म्हणाला, "बरं."

बरं या शब्दाला किती गुण?
मी तीन लिहिले, खोडले, परत तीन लिहिले.

सुट्टीत तिने येर्बाचा कडू पेला पुढे केला.
सगळ्यांत मिळून नळी एकच. मी प्यायले.
"गेल्या जूनमध्ये," ती म्हणाली, "पाळी संपली
तेव्हा जखमेवरची निळी पट्टी बोटावर नव्हती.
निळी कशाला, तर पटकन दिसावी म्हणून. दिसली नाही.
तेव्हा हा फक्त घड्याळ बघायचा, पुढचं 'बरं' नव्हतं.
मी गप्प बसले.
अकरा रात्री रेडिओ उशाशी घेऊन झोपले.
कुठल्या गावात, कुणाच्या ताटात, कोणाचं पोर…
बातमी आली नाही.
बातमी न येणं म्हणजे काय, बाई?"

माझ्या फॉर्मवर याला चौकट नव्हती.
फाइलमधला जून महिना लख्ख होता.
शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
पण करपतं ते तळाला,
आणि पळी फिरते वरून.

"त्यांना सांगाल का आता?"
"तुम्हाला सांगितलं ना."
नाव लिहू का विचारलं,
तर तिने पेला पालथा घातला.

घंटा झाली. ती नळाशी गेली.
खोलीत आम्ही दोघीच.
मी तोंड खिडकीकडे फिरवलं,
बाहेर काळ्या पाण्यावर पिवळे तरंगते पिंप,
आणि कान तेवढे मागे ठेवले.
पाणी. साबण. पाणी.
अठरा. एकोणीस. वीस.
पाणी अजून चालू होतं.