शेरा

सगळं अल ऐन सुट्टीला गावी निघतं तेव्हा
इकडं येणारी विमानं रिकामी असतात,
तिकीट निम्म्यात पडतं.
म्हणून मी उलटी आले, जुलैत,
उदगीरहून,
थालीपिठाची भाजणी आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन.

जावयानं विचारलं, मॉल बघता की बर्फाचं घर?
मी म्हटलं, झाडं आहेत का कुठं?

साडेचारला गाडीतून उतरले
तरी ऊन अजून तव्यावरच होतं.
शाल्मली (नाव मी ठेवलेलं, तिच्या आईला नको होतं)
माझा हात ओढत काचघराकडं पळाली.

आत गारवा.
आत अळू.
मोरीच्या पाण्यावर माजणारं आमचं अळू
इथं चोवीस अंशांत, दोरीपलीकडं,
पानांवर यंत्रातलं धुकं,
आणि एक माणूस वाकून त्याचे फोटो काढतोय.
हळदीची तीन रोपं.
एका केळीला टेकू आणि पाटी,
दवाखान्यात खाटेला लावतात तशी.
मी हसले. अळवाला म्हटलं,
बाई, तुझं बरंय.

बाहेर कुणी थांबत नव्हतं.
बाहेर शेहेचाळीस अंशांत
एक झाड, बारीक पानांचं,
फांद्या खाली सोडलेल्या,
बुंध्याशी काळी नळी, थेंब,
मग बऱ्याच वेळानं थेंब.
शाल्मलीनं पाटीवरची अरबी वाचली
उजवीकडून, बोट फिरवत: गाफ.
"तसं नाही आजी, घशातून."
घशातून मला येईना.
मी खालची तिरकी ओळ वाचली.
एकतीस वर्षं कॉलेजच्या वनस्पतिशास्त्रात
शिपाई होते,
टिपकागद बदलले, फांद्या दाबल्या, चिकटवल्या.
इंग्रजी पेपर वाचता येत नाही मला,
पण लॅटिन नावं येतात, हजेरीपटासारखी पाठ.
प्रोसोपिस सिनेरारिया.
आमच्या जुन्या कागदांवर तिचं नाव होतं स्पिसिजेरा.
मग कुणीतरी बदललं,
लग्नात बदलतात तसं, तिला न विचारता.

"म्हणजे शमी गं," मी म्हटलं.
शाल्मलीनं पाटीवर शोधलं.
नव्हतं.
दोन भाषांच्या मध्ये जागा मात्र होती,
बोटभर.

आमच्याकडं ती शिवेवर.
दसऱ्याला तिच्यापर्यंत चालत जायचं
आणि परत यायचं,
एवढंच माझं सीमोल्लंघन, साठ वर्षांचं.
मनात म्हटलं, तू कशी आलीस गं एवढ्या लांब?
मग लक्षात आलं,
ती इथलीच.
आलेली मी.

हात आपसूक फांदीकडं गेला. सवय.
"अम्मा, तोडना मना है."
निळे कपडे, डोक्यावर ओला पंचा,
अबुल बशर, नोआखालीचा.
सांगत होता, गावी पाणी इतकं
की झाडाला पाणी घालणं हे काम असतं
हे त्याला इथं आल्यावर कळलं.
सहा वर्षं झाली.
धाकट्या मुलीला फोनवरच पाहिलंय.
मग तो खाली वाकला,
वाळूतून एक डहाळी उचलली,
पंच्यानं पुसली,
एक शेंगही होती तिला, पिळवटलेली.
"ये ले जाओ. गिरा हुआ है."

रात्री ती सुपरमार्केटच्या जाहिरातींत ठेवली,
वर तांदळाची पिशवी.
आणि शाल्मलीच्या वहीतल्या पानावर लेबल केलं.
कुळ: लेग्युमिनोसी.
नाव: दोन्ही लिहिली, आणि मधोमध शमी.
स्थळ: अल ऐन. पाणी ठिबकनं.
संग्राहक:

इथं पेन थांबलं.
बाभळबनात शिरून फांदी मी काढायची
आणि इथं नाव प्रा. चौसाळकरांचं,
माझ्याच अक्षरात,
एकतीस वर्षं.

लिहिलं: प्रयाग दत्तात्रय होनराव.
त्याखाली: अबुल बशर.
त्याचं आडनाव विचारायचं राहिलं.

शेरा:
तोडलेली नाही.
पडलेली होती.