उणे एकाहत्तर

बिलिंगहॅमच्या कारखान्यात रात्रपाळीला
दोनच माणसं लागतात. एक मी,
दुसरा नॉर्मन ब्लेंकिन्सॉप,
एकतीस वर्षं त्याच झडपेपाशी.

मी आलो तेव्हा डोक्यात अजून आदर्श वायू होता,
चिपळूणच्या कॉलेजातल्या फळ्यावरचा.
त्याचे रेणू एकमेकांना ओळखत नाहीत,
टक्कर झाली तरी मागे वळून बघत नाहीत.
अरुंद भोकातून सोडा त्याला मोकळ्यावर,
तापत नाही, निवत नाही,
काही म्हणजे काही होत नाही त्याला.
परीक्षेला बरा.

खरा वायू पाइपात असतो.
त्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, थोडीशीच,
आणि पांगायची वेळ आली की ती सोडवायला
जो तो पदरची ऊब मोडतो.
म्हणून नायट्रोजनच्या झडपेवर
जूनमध्येसुद्धा हिमाची साय.

हायड्रोजनचं तसं नाही.
खोलीतल्या हवेइतका असताना मोकळा केलात
तर हा उलट तापतो.
पहिल्याच रात्री नॉर्मन म्हणाला होता,
"आधी गार कर, मग सोड.
उणे एकाहत्तरच्या वर झडप उघडून
फायदा नाही, पोरा."

मार्चमध्ये नोटिसा आल्या.
प्लांट बंद, सप्टेंबरअखेर.
कंपनीनं लीड्सहून एक बाई पाठवल्या,
मऊ आवाजाच्या, टेबलावर टिशूचा खोका.
मोकळे व्हा, म्हणाल्या, हलकं वाटेल.
नॉर्मन वीस मिनिटं मोकळा झाला.
बाहेर आला तो कानशिलं लाल,
खुर्ची लाथाडून थेट यार्डात.

मी काही बोललो नाही.
जे बोलावंसं वाटलं ते मराठीत होतं,
इंग्रजीत आणेपर्यंत त्याचं भलतंच झालं असतं.
थर्मासातला चहा त्याच्या मगात ओतला,
दूध त्याला लागतं तेवढं, म्हणजे फार.
नायट्रोजनच्या टाकीपाशी उभे राहिलो दोघं,
धुकं बुटांवरून सरपटत जाई,
टीज नदीकडून वारा.
काटा उतरत होता. उणे चाळीस. उणे साठ.

चारच्या सुमारास तो म्हणाला,
"मॉरीनला अजून सांगितलं नाहीये."

मी सवयीनं काट्याकडे पाहिलं.
मग तो बोलत राहिला, सावकाश,
घराचे हप्ते, गुडघा, मुलगा ॲबर्डीनला असतो तो,
आणि हात मात्र झडपेवर, पाव फेरा, आणखी पाव.

थेंब धरायला अजून बराच अवकाश होता.
पाळी सहाला संपते.