टाका माझा नव्हता

दौलतगंजच्या वळणावर गजक घ्यायला थांबलो होतो.
डिसेंबरची सकाळ, किल्ला धुक्यात बुडालेला,
वरची नुसती कड तेवढी तरंगत होती.
दुकानदारानं तराजू खाली ठेवला,
स्वेटर वर केला, बंडी वर केली
आणि भर रस्त्यात स्वतःचं पोट मला दाखवलं.
"पहचाने, डाक्टर साब?
अठासी में आपई ने खोलो हतो."

चेहरा आठवेना.
चेहरे मी तसे कमीच बघितले.
हिरव्या कापडातल्या चौकोनी खिडकीतून
जेवढा माणूस दिसे, तेवढीच आमची ओळख.
म्हणून चष्मा वर सरकवून वाकलो.
उजवीकडं, बरगडीखाली, तिरका व्रण.
दोन्ही बाजूंच्या खुणा लांब लांब,
शिडीच्या पायऱ्यांसारख्या.

टाका माझा नव्हता.

माझे वडील पागेत खोगिरं शिवायचे.
दाभण, मेण लावलेला दोरा, गुडघ्यात धरलेलं चामडं.
म्हणायचे, वरून कसाही दिसू दे रे,
आतला टाका मऊ हवा.
घोडा सांगत नाही कुठं टोचतंय ते.
पुढं भूल दिलेली माणसं आली माझ्या हाताखाली,
तीही सांगत नव्हती.
मी जवळ जवळ घालायचो, बारीक.
सिस्टर अच्चम्मा घड्याळ बघायची,
डॉक्टर, पोट शिवताय की पैठणी?

हा बहुतेक चतुर्वेदींचा.
त्यांचा हात रुंद आणि हसणंही.
बारा वर्षं झाली त्यांना जाऊन.
सांगावं असं वाटलं, अगदी ओठांवर आलं,
तोवर त्यानं अर्धा किलो बांधून
पुड्यावर दोरा गुंडाळला,
वर गाठ मारली, पैसे घेईना.
शेजारच्या चहावाल्याला सांगत होता:
इनई के हाथ से बचे हम.

मी पुडा घेतला.

घरापर्यंत चालत आलो, रिक्षा केली नाही.
सवय आहे मला, असं घ्यायची.
अंबाहची एक पोर होती, बैजंती,
अकरा वर्षांची, पोट लाकडासारखं कडक.
रात्री दीड वाजता उठवलं होतं मला.
दिवसभरात सात केसेस झालेल्या,
त्यातल्या दोन गोळ्या लागलेल्या, चंबळकडच्या.
पाय सुजलेले, डोळे मिटत होते.
सलाईन चालू ठेवा, म्हटलं,
सकाळी बघू.

सकाळ झाली. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कागदावर जे लिहिलं ते खोटं नव्हतं.
पुरतं खरंही नव्हतं.
तिचा बाप जिन्यावर बसलेला,
हातात न पेटवलेली विडी.
उठला, माझ्या पायांशी वाकला,
"आपने तो भौत करी, साब."
मी त्याला उठवलं. खांद्यावर हात ठेवला.
तोच हात.
आणि काही बोललो नाही.

निवृत्तीला सत्कार झाला, शाल मिळाली,
चांदीचं पाणी दिलेली एक कात्री मिळाली.
कशालाच कापत नाही ती.
किती ऑपरेशनं, कुणीतरी आकडा वाचून दाखवला.
टाळ्या वाजल्या, मी मान हलवली,
आकडा बरोबर असावा.
हल्ली दुपारी डोळा लागतो तेव्हा
बाकी कोणी येत नाही.
नुसता जिना दिसतो.

कुमुद उन्हात मटार सोलत बसली होती.
पुडा तिच्यासमोर ठेवला, सोडायला घेतला.
बोटं थरथरतात आता; गाठ साधी,
दुकानदाराची, घाईची,
तरी नख आत जाईना.
ती सुरी आणायला उठली. मी म्हटलं, थांब, कापू नको.
मग बराच वेळ मी ती सोडवत बसलो,
तिनं वाट बघितली, टरफलं गोळा केली,
ऊन भिंतीवरून ओट्यावर उतरलं.

सुटली शेवटी.
तिनं तुकडा मोडला, तोंडात टाकला,
डोळे मिटून म्हणाली, खुसखुशीत आहे हो.
कुणाकडची?

चतुर्वेदींकडची, मी म्हटलं.